मंगळवारची लाडाची शाळा

आमच्या शाळेत नापास कोणी होत नसे, पळून मात्र पुष्कळ जात. बायको पुढं, नवरा मागं असं जोडपं समाजमंदिराच्या दारापर्यंत यायचं. बायको चपला काढून आत शिरायची, वळून पाहते तो नवरा गायब. एकाला तर मी पानठेल्यावरून कॉलर धरून आणलं होतं. जन्मला तेव्हा माझ्याच हातात पहिल्यांदा रडला होता तो, तेव्हा माझा तेवढा हक्क होता.

शाळेचं छापील नाव होतं 'दांपत्य संवाद व स्नेहवर्धन वर्ग'. हे एका दमात म्हणू शकेल असा माणूस मोहर्लीच्या आसपास नव्हता. आठ दिवसांत गावानं तिचं नाव 'लाडाची शाळा' करून टाकलं. मी तिची हेडमास्तरीण, मास्तरीण आणि चहा करणारीसुद्धा.

उपकेंद्रावर नर्स म्हणून हयात घालवून मी रिटायर झाले, आणि घरी बसून आमच्या यांना छळायला नुकती सुरुवात केली होती, तेवढ्यात शहरातली एक संस्था दारात आली. त्यांचं म्हणणं असं, की जंगलाच्या कडेला पर्यटन वाढलं, पुरुष दिवसभर गाडीवर नाहीतर रिसॉर्टवर, कोणी बल्लारपूरकडं कामाला, बायका धानात. घरात बोलणं संपलं की बाहेर लफडी सुरू होतात. तर नवराबायकोंना जवळीक शिकवायची. "सिस्टर, हे तुम्हीच करू शकता," ते म्हणाले. म्हणजे काय, तर या बाईला लाज नाही हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. खोटं नव्हतं. ज्या बाईनं भर ग्रामसभेत सरपंचाच्या हातात केळं देऊन त्यावर निरोध चढवून दाखवला, तिला लाज कुठून राहणार?

संस्थेनं एक रंगीत पुस्तिका दिली. पहिल्या पानावर नवराबायको मेणबत्ती लावून जेवताहेत. आमच्याकडं मेणबत्ती लाइट गेल्यावर लावतात, आणि ती सापडेपर्यंत नवरा बायकोला जे बोलतो त्यात स्नेह वाढण्यासारखं काही नसतं. दुसऱ्या पानावर गुलाब. तिसऱ्यावर दोघं समुद्राकडं बघताहेत. इथून समुद्र कुठं आणि आम्ही कुठं! मी पुस्तिका मिटून ठेवली आणि माझा अभ्यासक्रम मीच बसवला.

पहिला धडा, बायकोला नावानं हाक मारायची. 'अवं', 'ऐकून राह्यली का', 'पिंकीची माय', सगळं बंद. एका म्हाताऱ्याला बायकोचं नावच आठवेना. "रेशनकार्डावर पाहून येतो," म्हणाला आणि खरंच उठला. म्हातारी कपाळाला हात लावून बसली.

दुसरा धडा विचारण्याचा. बायकोला हात लावायच्या आधी विचारायचं, आणि ती 'नाई' म्हणाली तर तोंड वाकडं न करता झोपायचं. यावर पुरुषांच्या बाजूला एकच गलका. "मंग लगन कायले केलं?" एक जण उठून म्हणाला. त्याची बायको तिकडून ओरडली, "हेच मी बी दहा सालापासून इचारून राह्यली!" त्या दिवशी पुढचा धडा झालाच नाही.

बायकांना वेगळं बसवून मी काय शिकवायची ते इथं लिहीत नाही. दिवाळी अंक घरोघरी जातो, सासऱ्यांच्याही हाती पडतो. एवढंच सांगते, की स्वतःला काय आवडतं ते नवऱ्याला तोंडानं सांगायचं, हे ऐकूनच निम्म्या जणींनी पदर तोंडात कोंबला होता. त्या तासाला आतून असं हसू फुटायचं की बाहेर झाडाखाली बसलेले नवरे उठून दाराला कान लावायला यायचे.

तिसरा धडा पायांचा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून बायकांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, पाय सडतात. नवऱ्यानं मोहाच्या बियांचं तेल कोमट करून ते लावून द्यायचं. "बायकोच्या पायाले हात?" म्हणून चार जण उठून गेले. पण उरलेल्यांनी लावलं. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायका रोवणीला कशा चेहऱ्यानं आल्या ते पाहून त्या चौघांच्या बायकांनी घरी काय केलं असेल ते तुम्हीच समजा. पुढच्या आठवड्यात ते चौघे तेलाची बाटली घेऊन पहिल्या ओळीत.

गिऱ्हाइकंही एकेक होती. एक सासू मुलाच्या बदली हजेरी लावायला आली. "तो कामावर गेला, मले सांगा, मी त्याले घरी शिकवून देईन." बाप्पा! तिला समजावता समजावता माझा घसा बसला. दुसऱ्या एकाला सर्टिफिकेट हवं होतं. संस्थेनं दिलं. त्यानं ते फ्रेम करून दुकानात लावलं आणि बायकोनं काही म्हटलं की तिकडं बोट दाखवू लागला.

सफारी मंगळवारी बंद असते, म्हणून गाइड, जिप्सीचे ड्रायव्हर, रिसॉर्टची पोरं यांची बॅच मंगळवारी. त्याच बॅचची ही गोष्ट. ती सांगताना मला फुशारकी मारता येत नाही, पण संपादकांनी 'यशस्वी अनुभव लिहा' असं काही म्हटलेलं नाही.

रेखा आली ती भांडायच्या तयारीनंच आली. गेटवरच्या दिवाकर गाइडची ही बायको. अकरा वर्षांचं लग्न, चौथीत शिकणारी एक मुलगी, माहेर पोंभुर्ण्याकडचं. दिवाकरला तिनं दंडाला धरून आणलं होतं.

"सिस्टर, तुमी नवरे सुधरवून देता म्हन्ते. हा घ्या."

"काय बिघडलंय त्याचं?"

"पुन्याची एक मॅडम येते फोटो काढाले. तिले दरवेळी हाच गाइड पाह्यजे. घरी आला तरी फोनवर मॅडम, मॅडम. अन् माह्याशी बोलाचं म्हनलं का तोंडाले कुलूप. गावात लोकं काय बोलून राह्यले, तुमाले मालूम नाई का?"

मालूम होतं. मला कळल्याशिवाय गावात कोणाला शिंकसुद्धा येत नाही.

दिवाकर म्हणजे गेटवरचा सगळ्यात तयार गाइड. चितळ ओरडलं की वाघ कोणत्या बाजूनं निघणार हे सांगायचा. एका जागी दोन-दोन तास न हलता बसायचा. गाडीत कोणी कुजबुजलं की बोट ओठांवर. त्याच्या जिप्सीत साहेबलोकसुद्धा चूप बसतात, असं त्याचे मित्र सांगत.

मी वर्गासमोर त्याला उभं केलं. "काल बायको तुला काय बोलली रे?"

"ध्यानात नाई, सिस्टर."

"आणि मागच्या सोमवारी वाघीण कुठं दिसली?"

पाणवठा, वेळ, कुठून आली, कुठं गेली, किती पिल्लं आणि कोणतं लंगडत होतं, सगळं घडाघडा सांगितलं त्यानं. वर्ग पोट धरून हसला. मला तर मुद्दा आयता मिळाला. मी म्हटलं, "ऐक. पंधरा दिवसांचा गृहपाठ. जंगलात जसा बसतोस तसा घरात बस. चूप. घाई नाही, हालचाल नाही. नीट लक्ष ठेव बायकोवर."

टाळ्या पडल्या. उदाहरण इतकं झकास जमलं की घरी येऊन मी ते आमच्या यांना दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा ते झोपले होते तरी ऐकवलं.

माझी चूक इथंच झाली. दिवाकर आज्ञाधारक माणूस. सिस्टरनं सांगितलं म्हणजे करायचं. तो चटईवर बसून रेखाकडं पाहू लागला. ती चुलीपाशी, हा पाहतोय. ती भांडी घासतेय, हा पाहतोय. "काय पाहून राह्यला?" तिनं विचारलं की "काई नाई." आणि गाइड लोकांना सवय असते, कुठं काय दिसलं ते खिशातल्या वहीत टिपायची. मला गृहपाठ दाखवायचा म्हणून यानं वहीत वेगळं पान घातलं. ते पान मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

'सकाळी पावणेसात. पाण्याला गेली. एकटी. परत सव्वासात. शांत.'

'दुपारी दोन. मागच्या अंगणात फोन. बारा मिनिटं. दोनदा हसली.'

'संध्याकाळी. कपाळावर आठ्या. जवळ जाणं ठीक नाही.'

वाघिणीबद्दल असं लिहिलं तर वनखातं पाठ थोपटतं. बायकोबद्दल लिहिलं तर काय होतं ते आता सांगते. धुवायच्या शर्टात रेखाला ती वही सापडली. 'बारा मिनिटं. दोनदा हसली' हे वाचून ती धुणं तसंच टाकून उठली. कारण तो फोन बल्लारपूरचा होता. पोंभुर्ण्याच्या शाळेत तिच्या वर्गात असलेला एक जण, आता तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून बसला होता. चार-पाच महिन्यांपासून दोघं रोज बोलत होते. एकदा चंद्रपूरला भेटून तर्री-पोहेही खाल्ले होते. तेवढंच, पण लपून.

तिला वाटलं, याला सगळं कळलं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पोह्यांपासून सगळं ओकली. "तुले मालूम आहे तं मारून टाक नं एकदाचं. असा पाहून पाहून कायले मारून राह्यला?"

दिवाकरला काहीएक मालूम नव्हतं. तो आपला गृहपाठ करत होता.

सकाळी तो माझ्या दारात. डोळे सुजलेले. रेखा मुलीला घेऊन पहिल्या गाडीनं माहेरी निघून गेली होती. म्हणाला, "सिस्टर, तुमी चूप बस म्हनलं, मी चूप बसलो. आता काय करू?"

खरं सांगू? माझ्या मनात पहिला विचार आला तो संस्थेच्या फॉर्मचा. 'वर्गामुळे विवाहबाह्य संबंध कमी झाले का, हो किंवा नाही.' आमच्यामुळे ते उघडे पडले, त्याला कुठं रकाना होता? मग मला माझीच इतकी शरम वाटली की मी चहा टाकायला आत गेले आणि तिथंच उभी राहिले. सगळं गाव दिवाकरवर पहारा ठेवून होतं, मीसुद्धा. ती पुण्याची मॅडम म्हणजे गुडघ्याला पट्टा बांधून फिरणारी एक रिटायर्ड मास्तरीण निघाली, फोनवर त्याच्याकडून पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ करून घ्यायची. हे विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

दिवाकरची आई आणि काका सोडचिठ्ठीवर आले होते. दोन्हीकडच्या मोठ्यांची बैठक पुढच्या आठवड्यात ठरली. अशा बैठकीत गोष्ट एकदा वीस तोंडांत गेली की बाई परत नांदायला येत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलेलं. एक भरलं घर माझ्या टाळ्यांच्या हौसेपायी मोडायला निघालं होतं. मी म्हटलं, "काढ गाडी. बैठकीच्या आधी जाऊ." त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेले. सगळ्या रस्त्यानं तो एक शब्द बोलला नाही. माझं तोंड चालूच होतं.

माहेरच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. रेखा खाली बसून काडीकचरा निवडत होती, मान वर केली नाही. तिचा भाऊ गणेश हाताची घडी घालून दारात.

"काय देत होता गं तो बल्लारपूरवाला तुला?" मी सरळच विचारलं.

"काई नाई. इचारत होता. जेवली का, काय जेवली, डोकं दुखून राह्यलं का. बस. अन् मी बोलली का ऐकत होता."

दिवाकर खांबासारखा उभा. माझं टाळकं सरकलं. "बोल रे मुडद्या!"

"काय बोलू? तुमी सांगा, तसा बोलतो."

रेखा हसली, पण ते हसू पाहवत नव्हतं. "पाहा. हे बी सिस्टरलेच इचारते." मग तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "अकरा साल झाले गेटच्या बाजूले राहून राह्यली मी. दिल्लीचे लोकं येते, वाघ पाहून जाते. मी अजून नाई पाह्यला. यानं एकदा बी म्हनलं नाई, चाल, तुले दाखवतो. त्या बल्लारपूरवाल्याले सांगतलं तं तो म्हने, मी नेतो तुले."

तिनं निवडलेली फुलं सुपात ओढली. मग तीच म्हणाली, "दाखव मले वाघ. दिसला तं येईन घरी. नाई दिसला तं होऊ द्या बैठक."

"अगं, वाघ काय नळ आहे, सोडला की यायला?" मी म्हटलं.

"दाखवतो," दिवाकर म्हणाला.

बफरच्या, म्हणजे जंगलाच्या कडेच्या भागाच्या, गेटातून दुपारची गाडी ठरली. ड्रायव्हर त्याचा मित्र शालिक. मला साक्षीदार म्हणून घेतलं; रेखाचंच म्हणणं, "सिस्टर संगं पाह्यजे, नाई तं हा माणूस गवत हलवून दाखवीन." गणेश पिशवी आणि भाचीला घेऊन गेटवर थांबणार होता. वाघ नाही दिसला तर तिथूनच परत न्यायचं. आता एक कबूल करते. जन्म या जंगलात गेला तरी वाघ मीही पाहिला नव्हता. ड्युटीवर जाताना ताजे पंजे दिसले की सायकल उलटी वळवायची, एवढाच माझा त्याचा संबंध. त्यामुळं माझी अर्धी प्रार्थना त्यांच्या संसारासाठी होती आणि अर्धी माझ्यासाठी.

तासभर काही नाही. मोर, डुकरं, धूळ. मग नाल्याच्या वळणावर चितळ ओरडलं. दिवाकरनं हात वर केला, शालिकनं इंजिन बंद केलं. समोर बांबूचं रान. पुन्हा ओरडलं, आणखी जवळ. "येऊन राह्यला," दिवाकर पुटपुटला. शालिकनं माझं मनगट घट्ट धरलं.

आणि नेमकं तेव्हाच रेखा बोलू लागली. बांबूकडं नाही, आपल्या हातांकडं पाहत. "त्या पोट्ट्याले मी पाह्यलं होतं."

पाच वर्षांपूर्वी रेखाला सहाव्या महिन्यात मुलगा झाला होता. जगला नाही. ड्युटीवर मीच होते. दिवाकरनं माती दिली, आणि सीझन होता म्हणून तिसऱ्या दिवशी गेटवर गेला. जायच्या आधी मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तिच्यासमोर विषय काढू नको, विसरू दे तिला. तेव्हा मी सगळ्यांनाच असं सांगायची. मला वाटायचं हीच दया. त्या माणसानं पाच वर्षं माझं ऐकलं. दोनदा मी त्याला चूप बसवलं होतं, आणि दोन्ही वेळा किंमत रेखानं मोजली. गाडीत मला तोंड लपवायला जागा नव्हती.

"सिस्टर फडक्यात गुंडाळून नेत होती," ती म्हणाली. "मी म्हनलं दाखवा, तं नको म्हने. पन फडकं सरकलं. केस होते त्याले. लय केस होते. तुह्यावानी." आवाज चढत चालला होता. बांबू हलला. कोरडी पानं वाजली, अगदी समोर. सवयीनं दिवाकरचं बोट वर गेलं, ओठांजवळ आलं.

तिथंच थांबलं. मग त्यानं हात खाली घेतला, बांबूकडं पाठ केली आणि तिच्यासमोर खाली, गाडीच्या पत्र्यावर बसला.

"मंग?" तो म्हणाला.

"मंग काय. नाव बी ठेवलं होतं मी त्याचं."

"काय?"

"कोनी इचारलंच नाई आजवर."

"मी इचारून राह्यलो नं."

तिनं सांगितलं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. मग ती असा हंबरडा फोडून रडली की झाडावरची माकडंसुद्धा पळाली. दिवाकरही रडला. पानं वाजत वाजत लांब गेली, आणि शालिकनं माझं मनगट सोडलं. वाघाची शेपूटसुद्धा मला दिसली नाही. तो राग अजून आहे, लपवत नाही.

गेट बंद व्हायच्या वेळेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो. ती बोलत होती, तो विचारत होता. मी तोंडाला पदर लावून बसले होते.

बाहेर आलो तर एका बाजूला गणेश, मोटारसायकलला पिशवी लटकावलेली, पुढं टाकीवर भाची बसलेली. दुसऱ्या बाजूला दिवाकरची आई, तोंड आंबट करून. गणेशनं लांबूनच विचारलं, "दिसला का वाघ?"

दिवाकरनं मान खाली घातली. न दिसलेला वाघ दिसला म्हणणारा गाइड तो नव्हे. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलंच होतं.

"दिसला," रेखा म्हणाली, आणि भावाच्या गाडीची पिशवी काढून तिनं दिवाकरच्या हातात दिली.